झाकलेलं तोंड, उघडा फोन

मंडळी, आज सकाळी पेणला पोलीस ठाण्यात जाऊन आले. घाबरू नका, घरीच आहे.

मी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मीच. परवा ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा खोटा व्हिडिओ आला आणि त्यावरून शेजारच्या गावात एका फेरीवाल्याला मार बसला. असा व्हिडिओ कोणी पसरवला ते पोलिसांनी शोधायलाच हवं. मी स्वतःच फोन उघडून ग्रुप दाखवला.

पण हवालदारांचं बोट ग्रुपवरून माझ्या बहिणीच्या मेसेजवर गेलं. तिच्या दवाखान्याच्या गोष्टी होत्या त्यात.

"दादा, ते नको. ग्रुप बघा."

"लपवण्यासारखं काय हाय त्यात?"

मी म्हटलं, "गणपती घरी नेताना तुम्ही त्याचं तोंड रुमालाने झाकता. तिथे लपवण्यासारखं काय असतं?"

ते हसले. दरवर्षी मूर्ती आमच्याकडूनच नेतात. फोन लगेच परत दिला.

खूश होऊन उठले, तर बाकावर आदिवासी वाडीवरचा एक मजूर मान खाली घालून बसलेला. त्याचा फोन दुसरे पोलीस सावकाश, एकेक मेसेज उघडून बघत होते. मी माझा फोन पर्समध्ये टाकला आणि एसटी पकडली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. मला "ते नको" म्हणता आलं, ते माझ्या हक्कामुळे की ओळखीमुळे?