मी बुजवलेली खाडी

बहारीनमध्ये मआमीर गावाच्या मागे, सित्र्याच्या कारखान्यांची धुरांडी जिथून दिसत, तिथे एक उथळ खाडी होती. ती बुजवणाऱ्यांत मी होतो. स्वतः टिपर चालवून मी तिच्यात दगड-मुरूम ओतला. आता बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात, चिडत जाऊ नका. पण त्या खाडीची आठवण निघाली की मी चिडतो. न चिडता ती सांगायची कशी हे मला अजून जमलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी गुहागरकडचा, बापाची होडी खाडीत चालायची, त्यामुळे ओहोटीच्या चिखलात पाय घालायची सवय लहानपणापासूनची. बहारीनला मी एका बांधकाम कंपनीत टिपरवर लागलो. कॅम्पात पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत सहा माणसं. शुक्रवारी सुट्टी. कोणी मटण शिजवी, कोणी कपडे धुई, कोणी घरून आलेलं पत्र चौथ्यांदा वाची. मला खोलीत बसवत नसे. नोव्हेंबरात उन्हाचा जोर उतरला तसा एका शुक्रवारी सकाळी मी पिशवी घेऊन खाडीवर निघालो. कुर्ल्या मिळाल्या तर खोलीतल्यांची चैन होईल, एवढाच विचार.

पाणी ओसरलं होतं. कांदळाची बुटकी झाडं ओलांडून मी चिखलात उतरलो आणि समोरची जमीनच उडाल्यासारखी शेकडो पाखरं एकदम हवेत उठली. मागून कोणीतरी इंग्रजीत ओरडलं, "खाली बस! मूर्खा, खाली बस!"

वळून बघतो तर एक गोरा माणूस चिखलात पालथा पडलेला. डोळ्यांना दुर्बीण, कोपरापर्यंत चिखल. तासभर तो ती पाखरं मोजत होता आणि मी ती उडवली होती. मी बसलो. मूर्ख म्हटल्याचा राग आला होता, पण गोऱ्या माणसाला चिखलात लोळताना मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून राग गिळला. पंधरा मिनिटांनी पाखरं परत उतरली. त्याने न बोलता दुर्बीण माझ्याकडे सरकवली.

दुर्बिणीत एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी आला. चोच वीतभर लांब, विळ्यासारखी खाली वाकलेली. ती चोच त्याने पुरी चिखलात खुपसली आणि एक कुर्ली बाहेर ओढली. झटकून झटकून तिचे पाय मोडले आणि गिळली. हा पक्षी मी गावी दर थंडीत पाहिला होता, पण असा नाही. साहेब म्हणाला, "कर्ल्यू." मला वाटलं, कुर्ल्या खातो म्हणून कर्ल्यू. मी त्याला तसं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की पाखरं पुन्हा उडाली. या वेळी मूर्ख कोणालाच म्हणता येत नव्हतं.

असे आमचे तीन हिवाळे गेले. नोव्हेंबर ते मार्च, दर शुक्रवारी. तो आपली जुनी लँडरोव्हर रस्त्यावर ठेवून यायचा, मी कॅम्पातून चालत. त्याच्याकडे थर्मासमध्ये चहा असे, मी खोलीतून चपाती-भाजी नेई. त्याला माझी वांग्याची भाजी आवडायची. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. तो 'यू' म्हणायचा आणि मी मनात 'तुम्ही' ऐकायचो.

मोजायचं कसं ते त्याने शिकवलं. आधी दहा मोजायचे, मग तेवढी जागा डोळ्यांनी उचलून थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. माझी नजर त्याच्यापेक्षा तेज होती. दोन-चार महिन्यांत तो मलाच विचारू लागला, "तुमचा आकडा किती?" मी एका वहीत मराठीत लिहायचो. नावं मीच ठेवली होती: काळ्या पोटाचा, लाल पायांचा, धावरा, थरथऱ्या. उत्तरेचा वारा, ज्याला तिथे शमाल म्हणतात, सुटला की एखाद्या सकाळी फ्लेमिंगो उतरायचे. लांबून ते गुलाबी नव्हे, मळके पांढरे दिसत, आणि उडाले की पंखाखालची लाली दिसे. एक कर्ल्यू लंगडा होता, डाव्या पायाची बोटं नसलेला. तो दुसऱ्या वर्षी त्याच कांदळाच्या झाडाजवळ परत आला, आणि तिसऱ्या वर्षीही. साहेब म्हणाला, हा कदाचित रशियातून येतो. हजारो मैल येऊन त्याच झाडाशी! मी स्वतः दोन वर्षांतून एकदा रजेवर जायचो आणि माझ्या घराचा दरवाजा मला ओळखीचा वाटत नसे.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा साहेबाने त्याच्या गावाची गोष्ट सांगितली. गावाबाहेर एक शेत, एक तळं आणि काटेरी झुडपांची लांब कुंपणं. बारा वर्षांचा असल्यापासून तो थंडीत दर रविवारी तिथे पक्षी बघायला जायचा. गवतावर बर्फाची साय, तळ्याचं पाणी काठाला गोठलेलं, आणि त्यात बदकं. त्या तुकड्यातलं प्रत्येक झाड त्याला ठाऊक होतं. मग एका वर्षी तो कॉलेजातून सुट्टीला घरी आला तर तळ्यावर घरं उभी. हे सांगताना डोळे पाण्याने भरले होते त्याचे. "ज्यांना माहीत होतं, त्यातल्या एकानेही मला आधी सांगितलं नाही," तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

तो इंजिनिअर आहे एवढंच मला ठाऊक होतं. कुठल्या कामावर, हे मी विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी कामाचं कशाला बोलायचं?

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, फोरमनने नवीन कामाचा रस्ता दाखवला. फोरमन गावाकडच्या आमच्याच खाडीच्या पलीकडच्या काठचा, दाभोळकडचा मुसलमान, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला चाचा म्हणत असे. टिपर मआमीरकडे वळले. खाडीच्या काठाने लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

"चाचा, इथे कुठे?"

"भराव टाकायचा हाय. गोदामं होणार हायत. पार त्या टोकापर्यंत."

"आत्ता? पाखरं आहेत इथे!"

चाचाने माझ्याकडे असं बघितलं जसं मी ताप आलेला माणूस आहे. मग मला साइट ऑफिसात नेलं आणि टेबलावरचा नकाशा दाखवून म्हणाला, "तुझा तो शुक्रवारवाला साहेब हाय ना? त्याचीच सही हाय बघ. तोच इंजिनिअर ह्या कामाचा."

नकाशावर खाली सही होती. तीच सही मी त्याच्या पक्ष्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर पाहिली होती. तारीख आम्ही भेटलो त्याच्या आधीची होती. म्हणजे पहिल्या दिवशी चिखलात पालथा पडून तो मला खाली बस म्हणून ओरडला, तेव्हा ही खाडी बुजणार हे त्याला माहीत होतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या ऑफिसात गेलो. धुळीने माखलेले बूट तसेच गालिच्यावर घेऊन गेलो. तो खुर्चीतून उठला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"तीन हिवाळे?"

"मला वाटलं होतं काम रद्द होईल. अशी कामं पुष्कळदा रद्द होतात. आणि तुला सांगून काय झालं असतं?"

त्या दिवशी त्याच्या 'यू'चं मला प्रथमच 'तू' ऐकू आलं.

मी म्हटलं, काम थांबवा म्हणत नाही. फक्त दोन महिने. मार्चअखेर पाखरं आपणहून जातात, मग बुजवा. तो म्हणाला, ते माझ्या हातात नाही. मग म्हटलं, निदान पलीकडच्या टोकापासून सुरू करा, तिथे खडक आहे, पाखरं कमी बसतात. त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि "बघतो" म्हणाला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत म्हणतात तसंच, अगदी त्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप माझी होती. मी टिपर खाडीच्या तोंडाशी नेला, आडवा लावला, चावी काढली आणि खाली उतरून उभा राहिलो. मागे सात टिपर. हॉर्न वाजायला लागले. पंजाबी, पठाण, मल्याळी, सगळे ओरडत होते. "यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, चल. चाचा धावत आला.

"चावी दे."

"नाही देत."

"अरे, वेड लागलं काय तुला? पासपोर्ट कंपनीकडं हाय. उद्या विमानात बसवतील."

"बसवू देत."

मी चावी मुठीत धरून उभा. खरं सांगतो, त्या घटकेइतकं मोकळं मला त्या देशात कधी वाटलं नव्हतं. चाचाने बाकीच्यांना गप्प केलं, टिपरच्या पायरीवर बसला आणि विडी पेटवली. अर्धी विडी ओढून झाली. मग हळू म्हणाला, "तुला घरी पाठवतील. तुझ्या सीटवर दुसरा बसेल. तू भरलीस तर संध्याकाळपर्यंत खाडी जितकी भरेल, तितकीच तू नाय भरलीस तरी भरेल. बहिणीचं लग्न ठरलंय ना तुझ्या?"

ठरलं होतं. तासाभराने मी टिपरवर चढलो, गाडी मागे घेतली आणि हौदा उचलला.

ओला चिखल दगडाखाली दबतो तेव्हा बाजूने फुगून वर येतो. त्यातून कुर्ल्या निघाल्या, शेकड्यांनी, आणि तिरक्या पळत सुटल्या. पाखरं उठली, थोडी पलीकडे उतरली. दुसरी खेप. पुन्हा उठली, आणखी पलीकडे उतरली. डोझर मागून सपाट करत येत होता. पहिले दहा दिवस असेच गेले. पाखरांना वाटत असावं, ही एवढी खेप झाली की थांबेल. दर वेळी ती परत उतरायची, याचाच मला संताप यायचा. जा ना! निघून जा! मी काच खाली करून ओरडायचो.

दुसऱ्या शुक्रवारी मी उरलेल्या काठावर गेलो. जाऊ नये असं ठरवलं होतं, तरी पाय गेले. तिथे साहेब होता. दुर्बीण, वही, थर्मास, सगळं घेऊन. म्हणाला, "बरं झालं आलास. जागा कमी झाल्यावर ते कसे दाटीने बसतात, हे नोंदवायला हवं. तुझा आकडा किती?"

मग माझा बांध फुटला. मला इंग्रजी सुचेना, मी मराठीत सुरू झालो, आणि तीही आमच्या बंदरावरची. त्याचं तळं, त्याची बदकं, त्याच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं. "तुला कोणी सांगितलं नाही म्हणून रडलास ना? मग मला का नाही सांगितलंस? माझ्या हाताची भाजी खाताना तोंड उघडत होतं ना तुझं?" त्याला एक शब्द कळत नव्हता, पण तो पांढराफटक पडला. शेवटी एवढंच म्हणाला, "मी वर विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं."

"खोटं," मी इंग्रजीत म्हटलं. तेवढाच शब्द मला त्या वेळी सुचला.

मी माझी वही त्याच्या पायाशी चिखलात टाकली आणि निघालो. तो पुढच्या वर्षी बदली होऊन गेला. जाताना त्याने मला पत्र पाठवलं, ते मी फोडलं नाही, चुलीत घातलं. फेब्रुवारी संपेपर्यंत खाडी भरली. मी शेवटच्या खेपेपर्यंत गाडीवर होतो. बहिणीचं लग्न चांगलं झालं.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी बहारीनमध्येच होतो. गोदामं उभी राहिली, त्यांच्या मागून आमचे टिपर दुसरीकडे जायचे. चाचा कायमचा गावी परतणार होता, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने मला मुहर्रकच्या एका हॉटेलात चहाला नेलं. आणि चहा येईपर्यंत सहज म्हणाला, "तुझ्या साहेबाने खरंच लिवलं होतं हां. पलीकडून काम सुरू करा म्हणून. कागद मी बघितला होता."

"काय लिहिलं होतं?"

"दोन ओळी. वरून नकार आला. मग तो गप झाला."

"दोन ओळी!" माझा आवाज चढला तशी शेजारची माणसं वळून बघू लागली. "तीन हिवाळे पाखरं मोजली, वह्या भरल्या, आणि त्यांच्यासाठी दोन ओळी?"

"तू एक तास थांबलास," चाचा शांतपणे म्हणाला. "त्याने दोन ओळी लिवल्या. मी तर तेवढंही नाय केलं."

"आणि हे मला आत्ता सांगताय? इतक्या वर्षांनी?"

"तुला सांगून काय झालं असतं?"

तेच वाक्य. मी चहा न घेता उठलो. चाचाने मागून हाक मारली, मी थांबलो नाही. त्याला विमानतळावर सोडायलाही गेलो नाही.

पुढे ऑफिसातल्या एका क्लार्ककडून कळलं की त्या सकाळच्या एका तासाची नोंद चाचाने 'क्लच बिघाड' अशी केली होती. म्हणून माझी नोकरी राहिली. मी दाभोळला जाऊन त्याची माफी मागायला हवी होती. दोनदा रजेवर आलो, दोन्ही वेळा खाडीपार नेणाऱ्या होडीच्या धक्क्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कारण तिथे उभा राहिलो की मला चाचा दिसायचाच नाही. मआमीरच्या खुंट्या दिसायच्या, लाल.