बिडाचा तवा आणि समुद्रासमोरचं घर

समुद्रकाठच्या बंगल्यात राहायला जाताना काय न्यावं, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगते: जुन्या चपला, टॉर्च, डासांची अगरबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड. आणि बुकिंगच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा, घरात मासे शिजवू देता का. समोरचा हसतो. समुद्रावर हा काय प्रश्न झाला? आम्हालाही तसंच वाटलेलं, म्हणून तर तोंडावर आपटलो.

आम्ही मूळचे कोलशेतचे. खाडीकाठी शेती होती, मिठागर होतं. जमीन बिल्डरकडे गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला फ्लॅट मिळाला. शेजारी सगळे बाहेरून आलेले. आईने सुके बोंबील भाजायला घेतले की वासाची तक्रार करायला इंटरकॉम वाजतो. भांडायला मी केव्हाही तयार असते, आईला ते नको असतं. ती स्वयंपाकघराची खिडकी लावते, दाराच्या फटीला ओलं फडकं लावते आणि घामाघूम होत मासे तळते. या सहलीत तिला एकच गोष्ट हवी होती, खिडक्या सताड उघड्या टाकून मासे तळायचे.

त्यासाठी तिने बिडाचा तवा जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतला. विळी, तांदळाचं पीठ, चिंच, घरच्या मसाल्याची बरणी. स्वतःचे कपडे नावाला.

"एवढं ओझं कशाला गं?" मी वैतागून म्हटलं.

"त्यांचा तवा कसला असल, कोनाला ठावं?"

अलिबागच्या पुढे, वाटेतल्या बाजारात तिने कल्ले उघडून बघत, घासाघीस करत पापलेट घेतली. बंगल्याच्या पायरीवरच रखवालदाराची नजर त्या पिशवीवर गेली. घरात नॉनव्हेज चालत नाही, तो म्हणाला, फ्रिजमध्येसुद्धा नाही, मालकांचा नियम आहे. बुकिंग माझ्या भावाने केलेलं. त्याने मालकाला फोन लावला. मालक गोड आवाजात म्हणाला, "नियमांत लिहिलंय की खाली. आणि आपल्याकडे हॉटेलात मासे एक नंबर मिळतात, तिकडे खा ना."

"अगं, फोटोत किचन दिसलं, समोर समुद्र दिसला," भाऊ मला म्हणाला, "खालचं वाचतंय कोण?"

मला दोघांचाही संताप आला. मी भावाच्या हातातून फोन घेतला, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. घर त्याचा हाय."

मग आपल्या टॉवरखालची जमीन कुणाची होती, हे मला तिला विचारायचं होतं. पण तोवर पापलेट तिने रखवालदाराला देऊन टाकली.

संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात हॉटेलातून आणलेली पनीरची भाजी खात होतो. माशांवरून मन उडालं होतं. मागच्या बाजूला रखवालदाराची खोली, तिथून तळणीचा आवाज आला, मागोमाग वास. आईने घास हातात तसाच ठेवून कान दिला.

"तेल तापला नव्हता त्याचा," ती म्हणाली आणि पुढे जेवली नाही. समुद्र समोरच होता, पण त्याच्याकडे बघायची मला इच्छाच झाली नाही.

परत निघताना मी हट्टाने सुरमई घेतली, बर्फात घालून घरी आणली. तवा लुगड्यातून बाहेर निघाला तो आमच्याच स्वयंपाकघरात. आई सवयीने खिडकीकडे गेली. मी तिला बाजूला केलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, फडकं उचलून बादलीत टाकलं.

"तळ आता," मी म्हटलं. "कोण फोन करतो ते मी बघते."

तिने तेल व्यवस्थित तापू दिलं, तुकड्या सोडल्या. पण तिचं लक्ष तव्याकडे नव्हतं, भिंतीवरच्या इंटरकॉमकडे होतं. तो वाजला नाही. तुकड्या मात्र करपल्या. आईच्या हातून मासे करपलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.