वाट बघणाऱ्या गटातल्या ड्रिलबाई

ड्रिलबाईंना बसलेलं सहसा कुणी पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम दोरीउड्यांच्या दोऱ्या नाहीतर चेंडूंची जाळी पडलेली असायची. मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात त्यांची आख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्या, मुलगा हाताशी आला, घरात सून आली, तरी गल्लीत त्या ड्रिलबाईच राहिल्या. भाजीवालासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं.

स्वभाव विचाराल, तर नाकावर माशी बसू देणार नाहीत. एकदा शाळेत पाहुणे यायचे होते. मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की मुलींनी पळापळ करू नये, ओळीत उभं राहून एक गाणं म्हणावं, तेच शोभून दिसतं. बाईंनी मान डोलावली, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत आख्ख्या शाळेला मैदानाभोवती पळवलं. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आता मुख्याध्यापक काय बोलणार, कपाळ!

अशा बाईंच्या पोटात एक दिवस कळ आली. पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीने पित्ताशयच काढून टाकू, चार दिवसांत घरी, असं ठरलं. पण ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग आणखी तपासण्या झाल्या. खडे राहिले बाजूला आणि हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे असं निघालं. रक्ताने बाहेर पडायचा दरवाजा, तो अर्धासुद्धा उघडत नव्हता.

"पण मला तर काहीच होत नाही," ड्रिलबाई म्हणाल्या, आणि ते तेव्हा खरं होतं.

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. त्रास सुरू झाला की झडप बदलायची, यात वाद नाही. पण त्रास नसताना काय करायचं? काही डॉक्टर म्हणतात लगेच बदला, काही म्हणतात उगाच कशाला छाती उघडायची, थांबा. "खरं सांगू का, बाई, कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून आम्ही अभ्यास करतोय. निम्म्या माणसांचं ऑपरेशन लगेच, निम्म्यांनी वाट बघायची. ज्याला त्रास सुरू होईल त्याचं त्या क्षणी ऑपरेशन. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. मी नाही आणि तुम्हीही नाही."

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार."

"तसंच म्हणा."

एवढा शिकलेला माणूस तोंडाने 'माहीत नाही' म्हणतो, याचं बाईंना कौतुक वाटलं. त्यांनी सही केली. कॉम्प्युटरने त्यांना वाट बघणाऱ्या गटात टाकलं. इथवर सगळं छान होतं. पण खोलीतून बाहेर पडताना दार पुरतं लागलं नव्हतं, आणि मोठे डॉक्टर आपल्या सहायकाला हसत म्हणाले ते बाईंच्या कानावर पडलं. "ह्या वयातल्या बायका काही टिकत नाहीत रे. बघ तू, सहा महिन्यांत रडत येतील."

झालं! ठिणगी पडली.

"रडत?" ड्रिलबाई घरी येईपर्यंत सुनेला तेच विचारत होत्या. "मी? रडत?"

"तुमच्याबद्दल नसतील हो म्हणाले," सून म्हणाली. पण तिलाही ठाऊक होतं, आता काही खरं नाही.

अभ्यासातल्या माणसांना ठरावीक काळाने दवाखान्यात बोलवायचे. तिथे मागच्या बाजूला एक लांबलचक बोळ होता. त्याच्या दोन टोकांना दोन नारंगी शंकू ठेवलेले असायचे. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत सहा मिनिटं चालायचं, आपल्या वेगाने, आणि किती चाललात ते मोजायचं. भिंतीशी एक खुर्ची असायची. दमलं की बसायची मुभा होती. हे काम बघणाऱ्या बाई वयाने पोक्त, आवाजाने मऊ. चालवायचं त्यांनीच आणि नंतर विचारपूस करायची तीही त्यांनीच. ड्रिलबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव शंकूबाई ठेवून टाकलं.

शंकूबाईंना चालणाऱ्याशी मनाला येईल ते बोलायची परवानगी नव्हती. मिनिटामिनिटाला ठरलेलं एक वाक्य, ठरलेल्या सुरात. "छान चाललंय. असंच चालू ठेवा."

"अहो, जरा आवाज चढवा की!" ड्रिलबाई चालता चालता म्हणाल्या. "असल्या आवाजाने माणूस झोपेल."

"नाही हो चढवता येत. एकाला जोर दिला की तो जास्त चालतो. सगळ्यांना सारखंच म्हणायचं."

हे बाईंना पटलं. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी त्या अशा चालल्या की बोळातले शिपाईसुद्धा बाजूला झाले.

दम लागायला सुरुवात झाली ती उन्हाळ्यात. आधी वाटलं उकाड्यामुळे असेल. मग उकाडा गेला आणि दम राहिला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाई दर मजल्यावर थांबायला लागल्या. पण नुसतं थांबतील तर त्या ड्रिलबाई कसल्या! शेजाऱ्यांच्या दारातल्या कुंड्यांमधली वाळकी पानं त्या खुडत बसायच्या, श्वास जाग्यावर येईपर्यंत. शेजारी खूष. "बाई, तुमच्यामुळे आमची झाडं जगली," असं पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तेव्हा बाईंना बोलायलासुद्धा हवा पुरत नव्हती. त्या नुसत्या हसल्या.

आणि दवाखान्यात? तिथे तर झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासणीच्या दिवशी त्या लवकर जाऊन बाकावर टेकायच्या, श्वास पुरता शांत करून मग बोळात शिरायच्या. चालताना एक अक्षर बोलायच्या नाहीत. तिकडच्या शंकूला वळताना शंकूबाईंकडे पाठ व्हायची, तेवढ्यात तोंड उघडून हवा घ्यायच्या. घराच्या गच्चीवर त्यांनी दोन बादल्या ठेवून याची तालीमसुद्धा केली होती. परीक्षा म्हटली की तयारी आली, असा त्यांचा हिशोब.

"जिना चढताना दम लागतो का?" शंकूबाई विचारायच्या.

"मी जिन्याने फारशी जातच नाही," ड्रिलबाई ठणकावून सांगायच्या. आणि ते खरंच होतं, कारण भाजी आता सून आणायची.

सून आंधळी नव्हती. तिने एकदा जिन्यातच सासूला गाठलं. "आई, हे पानं खुडणं मला कळतं बरं का. आता डॉक्टरांना मी सांगणार."

"सांगून तर बघ! तो बाबा म्हणाला होता, सहा महिन्यांत रडत येतील. वर्ष होत आलं. गेले का मी?"

"त्यांचं नाक कापायला स्वतःचा जीव घालवणार का?"

"माझा जीव आहे. मी बघेन."

सून रात्री नवऱ्याशी बोलली. नवरा म्हणाला, आईला आजवर कुणी काही पटवून दिलंय का?  पण पुढच्या तपासणीला सून मुद्दाम बरोबर गेली.

त्या दिवशी बाई चालल्या, आणि चांगल्या चालल्या. शेवटच्या मिनिटाला छातीवर कुणी पाय देऊन उभं आहे असं वाटत होतं, तरी शंकूला वळसा घालून ताठ उभ्या राहिल्या. शंकूबाईंनी आकडा सांगितला.

"मग? जिंकले की नाही?" बाईंनी सुनेकडे बघत विचारलं.

शंकूबाई हसल्या. "अहो बाई, ही शर्यत नाहीये. इथे कुणी जिंकत नाही."

"मग एवढं चालवता कशाला?"

"उद्या एखादी बाई येईल, तिची झडप तुमच्यासारखीच. तिने विचारलं, आता ऑपरेशन करू की थांबू, तर तिला सांगायचं काय? तुम्ही सगळे इथे जे चालता, जे सांगता, त्यावरून सांगायचं. तुम्ही बऱ्या राहिलात, तर तिला सांगणार, बाई थांब, काही होत नाही."

शंकूबाई हे रोजचं काम सांगावं तसं सांगून शंकू उचलायला गेल्या.  सुनेने सासूकडे नुसतं बघितलं, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी जाताना ड्रिलबाईंच्या डोळ्यांसमोर शेजारच्या शाळेचा कवायतमास्तर आला. आपली पोरं पहिली यावीत म्हणून तो घड्याळाचं बटण उशिरा दाबायचा. बाईंनी त्याला भर मैदानात, हजार माणसांपुढे खोटारडा म्हटलं होतं. त्यावरून केवढं रामायण झालं होतं! आणि आता? एक अनोळखी बाई कुठल्यातरी जिन्यात छाती धरून उभी आहे आणि तिला डॉक्टर सांगताहेत, थांब, काही होत नाही, बघ ड्रिलबाई कशा चालल्या. बाईंना स्वतःची किळस आली. राग तर इतका आला की पहिल्या मजल्यावर त्या थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेने मागून धरलं म्हणून, नाहीतर जिन्यावरून गडगडत गेल्या असत्या. दोघी पायरीवर बसल्या. शेजारच्या दारात कुंड्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"उद्या परत जायचं," श्वास आल्यावर त्या म्हणाल्या.

"आत्ताच जायचं," सून म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रिलबाईंनी सुनेचं ऐकलं.

शंकूबाई बोळाला कुलूप लावण्याच्या बेतात होत्या. "मघाशी मी खोटं चालले," ड्रिलबाईंनी दारातूनच सांगितलं. "शंकू मांडा. पुन्हा चालते."

शंकूबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि शंकू राहू दिले, डॉक्टरांना फोन केला. पण बाई कुठल्या ऐकायला! त्या बोळात शिरल्या. सून एका बाजूला, शंकूबाई दुसऱ्या बाजूला. अर्ध्या बोळात पोहोचेपर्यंत दम लागला. इथेच दर वेळी त्या ओठ मिटून घ्यायच्या. आज तोंड उघडून, घशातून आवाज काढत, सगळ्यांसमोर त्यांनी श्वास घेतला. मग भिंतीशी ठेवलेल्या त्या खुर्चीपाशी गेल्या आणि बसल्या. एवढी चाळीस पावलं चालायला जेवढं बळ लागलं नव्हतं, तेवढं खुर्चीत बसायला लागलं.

"लिहा," त्या शंकूबाईंना म्हणाल्या. "थांबली. दम लागला. छाती दाबल्यासारखी झाली. मघाशी डोळ्यांपुढे अंधार आला. आणि आधी जे जे बरं म्हणून सांगितलं ते खोटं होतं, तेही लिहा."

"आधीचं खोडता येत नाही, बाई. पण तारीख घालून खाली खरं लिहिता येतं."

"मग खाली खरं लिहा, आणि मोठ्या अक्षरात लिहा."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि मग ते खरंच चिडले. "कधीपासून होतंय हे?"

"उन्हाळ्यापासून."

"उन्हाळ्यापासून! बाई, तुम्ही वाचलात हे नशीब समजा. उन्हाळ्यातच केलं असतं मी ऑपरेशन. सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात, ह्या बायका सहा महिन्यांत रडत येतील. दार उघडं होतं. म्हणून नाही आले. आज आलेय, पण रडत नाही आले, चालत आलेय. चूक माझीच आहे, मी ती कुणावर ढकलत नाही. पण त्रास सांगणं म्हणजे रडणं, असं एकदा तुमच्याच तोंडून ऐकलं, की मग कोण सांगेल तुम्हाला?"

 डॉक्टरांचे कान लाल झाले. "ते मी बोलायला नको होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं. पण बाई, तुमच्यासारखी हट्टी माणसं शंभरात एखादी. बाकीचे सांगतात."

"सांगतात?"

"सांगतात की."

बोळाच्या पलीकडे बाकांची खोली होती. चालून झालेली अभ्यासातली माणसं डॉक्टरांना भेटायला तिथे थांबली होती, कुणी एकटं, कुणी घरच्यांबरोबर. ड्रिलबाई उठल्या. सून "आई, आई" करत मागे धावली, डॉक्टर "थांबा" म्हणाले. बाईंनी दाराची चौकट धरली. आवाज अर्धा झाला होता, पण आख्ख्या मैदानाला पुरलेला आवाज होता तो, अर्धा झाला तरी खोलीभर झाला.

"इथे आत 'मी बरा आहे' म्हणून सांगतो आणि घरी ज्याला दम लागतो, त्याने हात वर करा!"

कुणी हललं नाही. एक आजोबा वर्तमानपत्रात अधिकच खोल शिरले.

"लाज कसली? मी उन्हाळ्यापासून खोटं बोलतेय!" ड्रिलबाईंनी स्वतःचा हात वर केला.

आजोबांच्या बायकोने नवऱ्याचं मनगट धरून वर उचललं. "अहो, काय हे!" आजोबा पुटपुटले. बायकोने मनगट सोडलं, पण हात खाली आला नाही. कोपऱ्यातल्या एका तरण्या बाईने हात वर केला आणि तिच्या शेजारी बसलेला तिचा भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग खिडकीपाशी एक. मग दाराजवळचा एक जाडसर माणूस, ज्याने मघाशी शंकूबाईंना 'मस्त आहे' म्हणून सांगितलं होतं.

मोठे डॉक्टर ड्रिलबाईंच्या मागे उभे राहून ते बघत होते. त्यांना हसू आलं नाही. ते हलक्या आवाजात शंकूबाईंना म्हणाले, "ह्या सगळ्यांना आज पुन्हा विचारायचं. एकेकाला, घरच्यांसमोर." मग बाईंकडे वळले. "आणि तुम्ही आत्ता भरती व्हायचं. उद्या सगळ्या तपासण्या, परवा ऑपरेशन."

"माझं होईल. आधी ह्यांना आत घ्या."

"आई, आधी बसा," सून म्हणाली, आणि तिने बाकावर जागा केली.

ड्रिलबाई हात वर ठेवूनच बसल्या.