ऊलाँगचा रंग आणि माझी सही

“मॅडम, तुमचं पाणी खराब आहे,” मिस्टर लिन म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर चहाचे दोन इवलेसे कप ठेवले.

लिन ओमानमधल्या दुक्मच्या एका प्रोजेक्टवर चिनी कंपनीचे साइट मॅनेजर. त्यांच्या लेबर कॅम्पला पाणी पुरवणाऱ्या आरओ प्लँटची मी केमिस्ट. घर मस्कतला, वादी कबीरमध्ये. महिन्याला एक खेप दुक्मला.

एका कपात चहा पिवळसर हिरवा. दुसऱ्यात मळकट तांबूस.

“पानं तीच, वेळ तेवढाच. हा बाटलीच्या पाण्याचा, हा तुमच्या नळाचा.”

पहिल्याला फुलांसारखा वास होता. दुसऱ्याला काहीच नाही. तरी मनात म्हटलं, माणूस नखरेल दिसतो. रोजच्या रिपोर्टवर सही माझीच होती आणि आकडे व्यवस्थित होते.

“कधीपासून असं?”

“कळलं काल. त्याआधी दा हाँग पाओ पीत होतो. तो संपला, मग हा तिएग्वानयिन उघडला.”

दोन्ही ऊलाँगच, म्हणजे ग्रीन टी आणि आपला काळा चहा यांच्या मधले. पानं लाल पडू द्यायची, पण वाटेतच थांबवायची. दा हाँग पाओ निखाऱ्यावर भाजलेला, मुळातच काळपट. तिएग्वानयिन हलका, मण्यांसारखा वळलेला. पाण्यातली खोट गडद चहात दिसलीच नसती.

मी पॉकेट मीटर काढून नळाच्या पाण्यात बुडवला. पीएच नऊ पॉइंट सहा. पाणी आंबट, म्हणजे आम्लाचं, की अल्कलीचं, हे सांगणारा हा आकडा. सात म्हणजे मधोमध. साडेआठच्या पुढचं पाणी आम्ही प्यायला देत नाही; त्यात चहाही काळवंडतो.

तडक प्लँटवर गेले. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढलं की ते जरा आंबट होतं, पाइप खातं. म्हणून शेवटी थोडा कॉस्टिक सोडा सोडतात. तिथला ऑनलाइन मीटर क्षार चढून कमी आकड्यावरच अडकला होता, आणि पंप सोडा ओततच होता.

“फैयाजभाई, नमुना कुठला घेता?”

फैयाज आमचे रत्नागिरीचे ऑपरेटर. त्यांनी सोडा मिसळण्याआधीचा नळ दाखवला. “पुढचा जाम झालाय, मॅडम. तीन आठवडे झाले. तुम्ही कधी विचारलं नाही.”

मी मस्कतला आमचे मॅनेजर सालिम यांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांचं हिंदी उत्तम.

“चाय के लिए प्लँट बंद करूँ?”

“मीटर के लिए, सर. नाइन पॉइंट सिक्स.”

“यल्ला, चलो, बंद करो. टँकर भेजता हूँ.”

दोन दिवस कॅम्प टँकरवर चालला. कुणी गंभीर आजारी नव्हतं. अंगाला खाज येते म्हणून काही जण दवाखान्यात गेले होते. सगळ्यांनी दोष उन्हाळ्याला दिला होता. ते ऐकून मात्र मला जेवण गेलं नाही.

इन्सिडेंट रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात सालिमना फैयाजभाईंचं नाव हवं होतं. मी लिहिलं, ‘केमिस्टने सॅम्पल पॉइंट तपासला नाही.’ वॉर्निंग लेटर मला मिळालं.

आता नमुना मी माणसं पाणी पितात त्याच नळाचा घेते.