कासमचाचांनी न ओलांडलेला पूल

तापलेल्या डांबराचा वास, आणि त्याखाली दबलेला ओल्या लाकडाचा... पावसाळ्याआधी कासमचाचा आपल्या होडीच्या फटी बुजवत, तेव्हाचा हा वास. ते गेल्याचा फोन शहरात, गारखेड्यातल्या घरी आला, तेव्हा मला आधी तोच आठवला, चेहरा नंतर.

पैठणच्या पुढे, गोदावरीच्या दोन काठांवरच्या आमच्या गावांना जोडणारी ती एकच होडी. तिच्यातूनच मी शाळेत गेले. सुगी झाली की दोन्हीकडची घरं चाचांना वर्षाची ज्वारी देत. पुरात मात्र होडी बंद, आणि दवाखाना आमच्याच काठावर. म्हणून पलीकडच्या दिवस भरत आलेल्या बायका आधीच येऊन चाचांच्या घरी, चाचीजवळ राहत. एका वर्षी एकीला निघायला उशीर झाला, आणि तिचं बाळ पलीकडच्या काठावरच गेलं. त्यानंतर चाचा माझ्याकडे आले. "बेटा, तुझं लिहिणं चांगलं हाय. पुलाचा अर्ज लिही."

"मग होडीचं काय, चाचा?"

"ती बी म्हातारी, मी बी. दोघं उन्हात बसू."

अर्ज मी जीव ओतून लिहिला. पूल कुठे हवा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझा लोभ होडी लागायच्या घाटावर, म्हणून मी लिहिलं, 'पूल घाटावरच व्हावा.' चाचांनी तो कागद होडीतूनच काठाकाठानं फिरवून सह्या आणि अंगठे गोळा केले. पूल झाला... आणि त्याचा पहिला खांब नेमका होडी बांधायच्या जागी उभा राहिला.

चाचा त्या पुलावर कधीच चढले नाहीत. ज्वारी घेऊन येणाऱ्यांना दारातूनच परतवत, "पाय तुमचे, वाट तुमची. माझी ज्वारी कशाची?" मला मात्र पूर्वीसारखंच हसून चिडवत, "आल्या का पूलवाल्या बाई? बसा." त्या हसण्याचा अर्थ मला कधी लागला नाही. माझी ती ओळ कुणी वाचली तरी असेल का, की जागा आधीच ठरलेली होती? पूल तर त्यांनीच मागितला होता. मग अपराध माझा कसा... आणि नसेल, तर तो मला इतका जड का वाटावा?

चाळिसावा दिवस झाल्यावर चाचीकडे गेले. कब्रस्तान पलीकडे असल्यानं जनाजा पुलावरूनच न्यावा लागला, हे तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. पहिली भाकरी माझ्या ताटात पडली, तेव्हा धीर करून विचारलं, "चाची, त्या अर्जापायी चाचांचा माझ्यावर राग होता का?"

तिनं तव्यावरची दुसरी भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, आणि तीही माझ्याच ताटात वाढत म्हणाली,

"लई."