सहा स्टुलं आणि आत्याबाई

वैजापूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मी बनवलेली सहा बुटकी स्टुलं फेब्रुवारीत ठेवली. पहिल्या दहा दिवसांत त्यांवर एकही बाई बसली नाही.

मी तेव्हा औरंगाबादेत वस्तुरचनेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी प्रत्येकाला एक स्वतंत्र प्रकल्प करावा लागे. विषय आपला, आराखडा आपला, मार्गदर्शक नाही. अट एकच होती: वस्तू ज्यांच्यासाठी केली, त्यांनी ती पंधरा दिवस वापरली पाहिजे. नाहीतर प्रकल्प अपूर्ण. वर्ष गेलं तर शहरातली खोली सोडून देवगाव रंगारीला परत यायचं, असं वडिलांनी आधीच सांगितलं होतं.

शेडमध्ये सहाजणी दिवसभर उकिडव्या बसून कांदा निवडत. मोठा, मध्यम आणि बारीक, म्हणजे गोल्टी, असे तीन ढीग. मी दोन आठवडे त्यांची मापं घेतली. स्टूल नऊ इंच उंच, बाभळीचं, वर सुंभाची वीण. सगळ्यांनी हात फिरवून लई छान झालं म्हणून सांगितलं आणि त्या बारदानावर बसल्या. एकीने स्टुलावर आपलं भाकरीचं फडकं ठेवलं.

"भाकरीला बसू द्या आधी, ताई. लांबून आलीय ती."

बाकीच्या हसल्या. दुसऱ्या स्टुलावर पाण्याची कळशी आली.

उंची चुकली, असं मी ठरवलं. स्टुलं एसटीच्या टपावर टाकून परत आणली, पाय कापून सात इंचांवर नेली. मग पाच. प्रत्येक वेळी कौतुक तेच आणि बसणं बारदानावरच. चांगली म्हणतात ती वस्तू माणसं वापरत का नाहीत, हे मला कळत नव्हतं. त्या दिवसांतल्या वहीत अकरा कारणं लिहिलेली आहेत. सुंभ टोचतं, उतार कमी आहे, ढीग लांब पडतो, अशी. सगळी पट्टीने मोजता येण्यासारखी.

मार्चमध्ये एक दिवस सहाजणींतली सर्वांत वयस्कर बाई लग्नाला गेली होती. मी पोहोचले तेव्हा उरलेल्या पाचही जणी स्टुलांवर बसून कांदा निवडत होत्या. मी अख्खा रोल संपवला, छत्तीस फोटो. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईला विचारलं, आजच कशा बसलात?

"आज आत्याबाई नाहीत ना. त्या खाली अन् आम्ही वर बसायचं व्हय? कसं दिसंल ते?"

आत्याबाई, म्हणजे लग्नाला गेलेल्या त्या, दोघींच्या सख्ख्या सासू होत्या. बाकी तिघी त्याच भावकीतल्या सुना. आमच्या घरी आजी ओट्यावर खाली बसलेली असताना आई कधी बाजेवर टेकली नाही. हे मी गावात रोज पाहिलं होतं. पण मी घरची लेक होते, बाजेवर मीच बसलेली असायचे. शेडमध्येही मी व्यापाऱ्याच्या खुर्चीवर बसून नोंदी घेत होते.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना विचारलं. त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता, तो पाय लांब सोडूनच बसावं लागे. स्टूल त्यांच्या कामाचं नव्हतं. मग बाकीच्यांनी बसलं तर चालेल का? त्यांनी हातातला कांदा गोल्टीत टाकला.

"मी कवा नाय म्हनलं? बसा की गं."

सगळ्यांनी ऐकलं. कोणी उठलं नाही. परवानगी मिळूनही का नाही, हे मी दोघींना विचारलं. दोघींनी हसून विषय बदलला.

गारखेड्यातल्या खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने फोटो पाहिले. ती म्हणाली, "कृष्णधवल आहेत, लुगडी कोणाला ओळखू येणारेत? पंधरा दिवसांत वाटून टाक. परीक्षक काय वैजापूरला जाणारे?" फोटोंचे गठ्ठे करून मी दोन दिवस टेबलावर ठेवले होते. अहवालात मात्र लिहिलं: वापर, एक दिवस. सासूने हो म्हटल्यावरही सुना का बसल्या नाहीत, असं परीक्षकांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. शेरा मिळाला, अपूर्ण. जूनपर्यंत मुदत. वडिलांनी जून मान्य केला, त्यापुढे नाही.

मे महिन्यात मी सहाजणींसाठी एकच लांब फळी केली, जमिनीपासून चार बोटं उंच. एका टोकाला पाय सोडायला जागा. पहिल्या दिवशी त्या टोकाला आत्याबाई बसल्या आणि शेजारी ओळीने पाचजणी.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई उठून खाली आपल्या बारदानावर गेल्या. पाचजणी फळीवरच राहिल्या. मला वाटलं, आता एकेक उतरेल. कोणी उतरलं नाही. मी विचारलं तेव्हा धाकटी सून म्हणाली, त्यांना तिथंच बरं वाटतं. त्या खाली आणि तुम्ही वर, हे आता कसं चालतं, असं विचारल्यावर तिने पुढचा कांदा उचलला.

पंधराव्या दिवशी फळीवर पाचजणी होत्या, आत्याबाई खाली. अहवालात 'वापराचे कारण' असा एक रकाना होता. तो मी कोरा ठेवला. निकाल जुलैत लागला. उत्तीर्ण.