फोन जमा करून घेतला तेव्हा

आमच्या वस्तीत नळाची पाइपलाइन एका ठिकाणी नालीतून गेली आहे. तिथं ती फुटली आणि घराघरात काळं, वास मारणारं पाणी यायला लागलं. मी घरी ब्लाउज शिवते. एका सकाळी मशीन बंद ठेवून मी त्या फुटक्या पाइपाचा व्हिडिओ काढला आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली आमच्या वॉर्डातून निवडून आलेल्या मेंबरला लिहिलं, ‘मेंबर साहेब, हे पाणी तुमच्या घरी येते का?’ बस, एवढंच.

संध्याकाळपर्यंत मेंबरच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी माझा चेहरा एका उघड्या बाईच्या अंगावर चिकटवून फिरवला. खाली माझ्या जातीवरून लिहिलं होतं. ते इथं लिहिणार नाही. नवऱ्यानं तो फोटो कामावर, दुसऱ्याच्या फोनमध्ये पाहिला.

आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबानं फोटो नको तितका वेळ न्याहाळला आणि म्हणाला, “ताई, ब्लॉक करून टाका ना. कोणाकोणाले पकडू आमी?” अर्ज घेतला, पण पोच मागितली तर उद्या या म्हणाला. उद्या गेलो, तर परवा या.

आणि मग मेंबरनं तक्रार दिली की माझ्या व्हिडिओमुळं त्याची ऑनलाइन बदनामी झाली, मानसिक छळ झाला. त्याच ठाण्याचा शिपाई दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर नोटीस घेऊन दारात उभा. गल्ली बाहेर येऊन बघत होती.

नवरा म्हणाला, “डिलीट कर. आपल्याले कटकट नाई पाह्यजे.”

“काऊन करू? खोटं हाय का त्यात काही?”



नोटीस घेऊन ठाण्यात गेले तेव्हा मी साहेबाला विचारलं, “माह्या अर्जाचं काय झालं?”

“तो चौकशीत आहे.”

“आन् मेंबरच्या तक्रारीचं?”

“हा ऑनलाइन छळाच्या कायद्याचा विषय आहे, ताई. बायांच्या संरक्षणासाठीच केला हा कायदा.”

 टेबलावर हात आपटून मी म्हटलं, “मग मी कोन हाव? बाई नोहे का?”

त्यानं हात पुढं केला. माझा फोन तपासासाठी जमा करून घेतला. त्या फोटोचे सगळे पुरावे त्याच फोनमध्ये होते.

परत येऊन नवऱ्याच्या फोनवर बघितलं, तर ग्रुपवर चिडीचूप. माझ्या व्हिडिओखाली ‘बरोबर आहे’ लिहिणाऱ्या बायांनी आपापले मेसेज पुसले होते. शेजारीण मान खाली घालून म्हणाली, “मले भेव वाटते वो. आमचे मालक ओरडले माह्यावर.” तिच्यावर मी काय रागावणार? तिच्या लेकीला त्याच पाण्यानं कावीळ झाली होती. मेंबरला हेच तर हवं होतं. मला शिक्षा व्हायची त्याला गरजच नव्हती.

फोन अजून मिळालेला नाही. वकील म्हणतो, माझ्यावर गुन्हा टिकणार नाही. फोटो बनवणाऱ्या पोरांना मात्र कोणी बोलावलंसुद्धा नाही. ती चौकात बसून मला बघून हसतात.

गेल्या रविवारी नळाला पुन्हा तसंच पाणी आलं. मी बादलीकडं बघत उभी होते. नवऱ्यानं कॅमेरा चालू करून आपला फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बादली उचलून उजेडात धरली.